खिशातला शिरा

भिवंडी,
२० जुलै १९८६

आत्या, सलाम.

हा सलाम लूमच्या, म्हणजे इथल्या यंत्रमागांच्या, खटखटाटातून येतोय, त्यामुळे जरा कान देऊन ऐक. इथे भिंतीसुद्धा हलतात. पहिले दोन दिवस मला वाटलं आपल्यालाच चक्कर येतेय.

पुण्याच्या धर्मशास्त्राच्या कॉलेजने मला सहा महिन्यांसाठी इथे का पाठवलंय, हे तू आपल्या चर्चच्या मंडळीत एव्हाना सगळ्यांना सांगून टाकलं असशील, आणि चुकीचं सांगितलं असशील. मी इथे कुणाचं मन वळवायला आलेलो नाही. इतर धर्मांची माणसं आपापला धर्म कसा पाळतात हे त्यांच्यात राहून बघायचं आणि त्यावर प्रबंध लिहायचा. 'इतर धर्म: एक ख्रिस्ती अवलोकन.' नाव मीच सुचवलं. 'अवलोकन' हा शब्द सुचला त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूष होतो की मेसमध्ये दोनदा जेवलो.

राहायला ब्राह्मण आळीत दत्तोपंत लेल्यांची मागची खोली मिळाली आहे. दत्तोपंत कोर्टात हेडक्लार्क होते, आता रिटायर झालेत. त्यांच्या बायकोला सगळी आळी माई म्हणते. जेवण त्यांच्याकडेच, स्वयंपाकघरात, त्यांच्या पंगतीला. ख्रिस्ती मुलगा ठेवला म्हणून शेजारी कुजबुजले म्हणे, पण माईंनी कानाआड केलं.

पहिल्याच दिवशी मी माईंना हिंदू धर्म समजावून सांगितला. हसू नको. त्या तांदूळ निवडत होत्या आणि मी समोर बसून द्वैत, अद्वैत, कर्म, मोक्ष सगळं पुस्तकाबरहुकूम सांगितलं. त्या शेवटी म्हणाल्या, "अगंबाई, एवढं सगळं आहे होय आमच्यात." मला ते कौतुक वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

मागच्या गल्लीत सोमा जाधव राहतो. बौद्ध आहे, लूम दुरुस्त करतो. त्याला विचारलं, निर्वाण म्हणजे तुम्हाला नेमकं काय वाटतं? तो तेव्हा लूमखाली उताणा पडला होता. म्हणाला, "आता शिफ्ट चालू हाय. रविवारी विहारात या, तितं इचारा." निजामपुऱ्यात हनीफचाचांच्या चहाच्या दुकानात गेलो तर ते म्हणाले, "पहले चाय पियो बेटा, इस्लाम कहीं भागा नहीं जा रहा." चहा प्यालो. एकूण अवलोकन असं चाललंय.

एक गोष्ट सांगतो, पण काळजी करू नको. दत्तोपंत सकाळी देवघरात बसतात तेव्हा त्यांचा चेहरा मी बघतो. मी प्रार्थनेला बसतो तेव्हा माझा तसा होत असेल असं वाटत नाही. उद्या चर्चचा पाळक होऊन वेदीवर उभा राहिलो की या माणसाबद्दल काय बोलायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरेल म्हणा. आई मला जन्म देऊन गेली त्या दिवशी तू देवाला बोललीस की हा जगला तर तुझ्या सेवेला देईन, आणि तेवीस वर्षं त्या शब्दावर मला वाढवलंस. पाळक होणं मला काही चुकत नाही.

आता कामाचं. श्रावणात यांच्याकडे सत्यनारायण आहे. प्रसादाचं काय करू?

तुझा,
शमू


अहमदनगर,
१ ऑगस्ट १९८६

शमू, सलाम आणि आशीर्वाद. पत्र डबा खाता खाता वाचलं, त्यामुळे डाग पडलाय, जपून ठेवता येणार नाही.

दुसऱ्याच्या घरात पाऊल ठेवून पहिल्या दिवशी त्यालाच त्याचा धर्म शिकवणारा तू एकटाच असशील. अगदी तुझ्या बापाच्या वळणावर गेलास. तोही पाहुण्यांकडे गेला की त्यांच्या घड्याळाची वेळ बरोबर करून द्यायचा.

प्रसादाचं सोपं आहे. मूर्तीपुढे ठेवलेलं आपण तोंडात घालत नाही, यात मागेपुढे बघायचं कारण नाही. पण समोरच्याचं मनही मोडायचं नाही. मी दवाखान्यात उभा जन्म काढला. पेशंट बरा झाला की नातेवाईक पेढे आणतात, शिरा आणतात. मी दोन्ही हातांनी घेते, "छान झालाय" म्हणते, आणि त्यांची पाठ वळली की एप्रनच्या खिशात. मग मागच्या दाराने कावळ्यांना. आजवर कुणाला कळलं नाही, कुणाला वाईट वाटलं नाही, आणि देवापुढे माझा हिशेब स्वच्छ आहे. तूही तसंच कर.

दत्तोपंतांच्या चेहऱ्याकडे बघत बसू नको. स्वतःची प्रार्थना कर.

तुझ्या झग्यासाठी कापड घेतलंय, पांढरंशुभ्र आणि जाड. पाळकपदाची दीक्षा होईल तेव्हा पहिला झगा माझ्याकडून, हे मी मंडळीच्या पंचांना सांगून ठेवलंय. दानिएल शिंपी माप मागतोय. खांदा, उंची, बाही ताबडतोब कळव.

तुझी आत्या,
सलोमी


भिवंडी,
१४ सप्टेंबर १९८६

आत्या, सलाम.

तुझा खिसा एप्रनचा, जाड कापडाचा. माझा पातळ सदऱ्याचा, छातीवरचा. माई शिऱ्यात तूप सढळ हाताने घालतात हेही तुला माहीत नव्हतं. तेव्हा दोष तुझा नाही.

सत्यनारायणाला माईंनी प्रसाद आधी मला दिला. मी दोन्ही हातांनी घेतला, तोंडाजवळ नेल्यासारखा केला, "माई, शिरा फार छान झालाय" म्हणालो, आणि त्या वळल्या की खिशात. इथवर सगळं तुझ्या पद्धतीने. पण त्या एवढ्या हरखल्या की लगेच दुसरी मूद घेऊन आल्या. "आवडला ना, मग घे आणखी." तीही खिशात गेली.

तेवढ्यात आलेल्यांपैकी कुणीतरी मला विचारलं, तुम्ही काय शिकता? झालं. मी उभा राहिलो आणि व्रतांचा इतिहास सांगायला लागलो. सगळे माझ्या छातीकडे एकटक बघत होते. मला वाटलं, काय भारावलेत. तुपाचा डाग तोवर खिशापासून खालच्या बटणापर्यंत उतरला होता. मग एक मुंगळा सदऱ्यावरून वर आला आणि गळ्याला चावला, तेव्हा माझं व्याख्यान आटोपलं.

सदरा खुंटीला टांगला आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी निजामपुऱ्यातून परत येतो तर सदरा दोरीवर, स्वच्छ धुतलेला, खिसा उलटा काढून वाळत घातलेला. माईंनी धुतला होता. त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही, कारण बोलण्यासारखं माझ्याकडे त्या दिवशी काही नव्हतं, आणि असं माझं प्रथमच झालं.

मग गणपती बसले. माई मोदकांचं ताट घेऊन फिरल्या. दत्तोपंतांना दिला, शेजारच्या विद्युल्लताबाईंना दिला, पंखा नीट करायला आलेल्या सोमालाही दिला. माझ्यापुढून ताट सरळ पुढे गेलं. जेवायला वाढतात, वेळेवर वाढतात. पण पूर्वी रोज विचारायच्या, "आवडलं का रे?" आता विचारत नाहीत. आत्या, मला हे फार लागलंय. एवढं लागेल असं वाटलं नव्हतं.

प्रबंधात प्रसाद या विषयावर माझी चार पानं झाली आहेत. सर वाचून खूष होतील. मला ती फाडून टाकावीशी वाटतात.

मापाचं नंतर कळवतो. इथे टेप मिळत नाही.

शमू


अहमदनगर,
२१ सप्टेंबर १९८६

शमू,

भिवंडीत टेप मिळत नाही? अख्खं गाव कापडावर जगतं. थापा मारायच्या तर नीट मार.

पण आता त्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. त्या बाईने सगळ्यांना दिलं आणि तुला वगळलं. तुला हे नवीन आहे, मला नाही. माझे आजोबा ख्रिस्ती व्हायच्या आधी गावात पाणी मागायचे तेव्हा लोक वरून ओतायचे आणि ते खाली ओंजळ धरायचे. भाकरीसुद्धा वरून टाकायचे. ते सांगायचे की भाकरी खाली पडली तर झटकून खायची, पण आधी धनी आत जाईपर्यंत थांबायचं. मी लहान होते, मला ते सांगताना त्यांचा आवाज आठवतो. आपण ख्रिस्ती झालो, शिकलो, मी नर्स झाले, तू कॉलेजात गेलास, ते कुणी आपल्या पोराच्या पुढून ताट फिरवून न्यावं म्हणून नाही.

तू अवलोकन करत बस. मी सुट्टी टाकली आहे. दसऱ्याच्या आधी येते आणि तुला तिथून हलवते. कॉलेजवाल्यांना मी बघते. त्या बाईंना जे बोलायचं तेही मी बोलेन, तू मध्ये पडू नको.

सलोमी आत्या


भिवंडी,
२७ सप्टेंबर १९८६

आत्या,

येऊ नको. म्हणजे ये, पण मला न्यायला येऊ नको, आणि भांडायला तर मुळीच नको.

तुझं पत्र वाचून मीही पेटलो होतो. तुझ्या आजोबांचं तू मला कधी सांगितलं नव्हतंस. तसाच तडक स्वयंपाकघरात गेलो आणि माईंना म्हणालो, "माई, तुम्ही मला मोदक का दिला नाहीत?" आवाज चढवून म्हणालो. लाज वाटते आता.

त्या लाटत होत्या. लाटणं बाजूला ठेवून म्हणाल्या, "तुला चालत नाही म्हणून. सदऱ्याच्या खिशात कळलं मला. चालत नाही त्याला आग्रह कशाला करायचा?"

मी म्हणालो, मग तुम्हाला राग आला. त्या म्हणाल्या, "प्रसाद खाल्ला नाहीस म्हणून? अरे, या घरात नाही म्हणण्यावाचून दुसरं आहे काय. ह्यांना चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही. मला गुरुवारी मीठ चालत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई सोमवारी माझ्या हातचा चहासुद्धा घेत नाहीत. मी कुणावर रागावले का? चालत नाही म्हणालं की संपलं. त्याला दुसरं काहीतरी करून देते. तूही म्हणाला असतास तर फोडणीची पोळी केली असती."

मग पोळी तव्यावर टाकली. मला वाटलं, सुटलो. तर म्हणाल्या, "पण तू छान झालाय म्हणालास. मी खुळ्यासारखी आणखी घेऊन आले. रात्री ह्यांना सांगितलं, पोराला आपला शिरा आवडला. सकाळी खिशातून काढला. तेव्हापासून तू आमटी चांगली झाली म्हणालास तरी मला खरं वाटत नाही. म्हणून विचारत नाही."

आत्या, जगातल्या सगळ्या धर्मांवर माझी टिपणं आहेत. ज्या बाईकडे दोन वेळ जेवतो तिच्या घरात उपास आणि वर्ज्य यांची केवढी राजरोस सवय आहे, हे मला दोन महिन्यांत दिसलं नाही. मी नाही म्हणणं म्हणजे अपमान समजत होतो. तिच्या लेखी तो रोजचा व्यवहार आहे. मी तिला जपायला गेलो आणि तिचं मन मोडलं. मी माफी मागितली. "बरं, बस आता, पोळी गार होते," म्हणाल्या.

प्रसाद मी खाणार नाही. त्यात बदल नाही. पण आता सांगून खाणार नाही.

शमू


अहमदनगर,
११ ऑक्टोबर १९८६

शमू, सुखरूप पोचले. कल्याणहून गाडीत जागा मिळाली.

मी तिथे असताना माईंनी आणि मी तुला दूध आणायला पिटाळलं तेव्हा घरात दूध होतं, हे तुला कळलं नसेल. कळायला तुला दोन महिने लागतात.

तुझं पत्र मला निघायच्या आधी मिळालं होतं. तरी मी पाठ केलेलं सगळं भाषण घेऊनच आले. आजोबांची ओंजळ, भाकरी, सगळं. म्हटलं, माईंना तोंड उघडू दे. तर त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "सलोमीताई, तुम्हाला काय चालतं, काय नाही, आधी सांगा. मग कुकर लावते."

आयुष्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "देवापुढे ठेवलेलं चालत नाही." हे वाक्य मी पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं. त्या म्हणाल्या, "बरं. मग नैवेद्याचं ताट मी घेते, तुम्हाला पातेल्यातलं वाढते." एवढंच. डाळीला फोडणी द्यायला वळल्यासुद्धा.

मी गॅसजवळ पाटावर त्यांच्या शेजारी बसून जेवले. त्या डावाने वाढत होत्या, ताटाला डाव लागत होता. मला आजोबांची आठवण आली आणि रडू आलं. भाजी अगदी मिळमिळीत होती, त्यामुळे तिखट लागलं असंही म्हणता आलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी आजोबांचं सगळं सांगितलं. भांडून सांगणार होते, ते तसंच साधं सांगितलं. त्यांनी डाव खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आमच्या माहेरीही असंच ओतायचे. मी पाहिलंय. मीही ओतलंय." हात धुऊन पुन्हा येऊन बसल्या. त्यांनी सारवासारव केली असती तर मी उठून आले असते.

तू तिथेच राहा.

येताना वाटेत माझ्या डोक्यात एकच. दवाखान्यात मी किती जणांना "छान झालाय" म्हणाले असेन.

आता ऐक. डिसेंबरमध्ये तुझा प्रबंध संपतो, मार्चमध्ये परीक्षा, मग दीक्षा. दानिएल शिंपी रोज विचारतो. तिथे असताना मी मापाचं काढलं की तू तीनदा विषय बदललास. टेप मी माईंच्या शिवणमशीनवर पाहिली. माप पाठव.

आत्या


भिवंडी,
४ नोव्हेंबर १९८६

आत्या,

माप पाठवत नाही.

हे वाक्य लिहून मी बाहेर जाऊन आलो. हनीफचाचांकडे चहा प्यालो, सोमाशी क्रिकेटवर बोललो, दत्तोपंतांना पेपर वाचून दाखवला. परत आलो तरी वाक्य तसंच होतं, म्हणून पुढे लिहितो.

मला पाळक व्हायचं नाही. आत्ता नाही, आणि मला वाटतं कधीच नाही. मी प्रार्थना सोडलेली नाही. उलट इथे माझी प्रार्थना सुधारली आहे, कारण आता तिच्यात मी कमी बोलतो. प्रभूला सोडावं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. पण वेदीवर उभं राहून, मला जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं लोकांना सांगणं, हे मला जमणार नाही. जमेल, तीच तर भीती आहे. माझ्याइतकं सफाईने न कळलेलं सांगणारा माणूस तुला सगळ्या महाराष्ट्रात मिळणार नाही. झगा घातला की मला कुणी थांबवणारही नाही, आणि मुंगळे दर रविवारी वेळेवर येतीलच असं नाही.

मी बी.एड. करीन म्हणतो. वर्गात मुलं निदान प्रश्न विचारतात.

इथे आल्यापासून मी तुला "ठरेल" म्हणालो, टेप नाही म्हणालो, विषय बदलला. तुझं मन मोडायचं नव्हतं. पण माईंकडे जे पाहिलं त्यानंतर मला तुझ्याशी असं वागवत नाही. तू मला वाढवलंस. तुझ्या शब्दासाठी तू लग्न केलं नाहीस हे मला माहीत आहे, तू कधी म्हणाली नाहीस तरी. आणि तरीही नाही, आत्या.

खूप रागाव. मला तुझ्या रागाची भीती वाटते, पण तुझ्यापुढे खोटं वागायची आता जास्त वाटते.

शमू


अहमदनगर,
५ डिसेंबर १९८६

शमू,

उत्तर द्यायला महिना लावला. आधी रागावले होते. मग आजारी पडले, ताप होता, आता बरी आहे. मग पुन्हा रागावले. तुझं पत्र फाडलं आणि चिकटवलं. पाळकसाहेबांना दाखवावं असं मनात आलं होतं, दाखवलं नाही.

मंडळीत सगळ्यांना मीच सांगत सुटले होते, तेव्हा मलाच सांगावं लागलं की तू पाळक होणार नाहीस. रविवारी उपासनेनंतर उभी राहून सांगितलं. कुणी विचारलं, मग नवसाचं काय? तेव्हा मला उत्तर आलं नाही.

आता येतंय. शब्द मी दिला होता. तू तेव्हा पाच पौंडांचा होतास, डोळेही उघडले नव्हते, तुला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्याचं आयुष्य मी देवाला देऊन बसले आणि पुण्य माझ्या नावावर धरलं. तेव्हा ते देवाचं आणि माझं आहे, तुझं त्यात काही नाही. त्याच्याशी काय बोलायचं ते मी बघते. सध्या आमचं दोघांचं नीट बोलणं नाही, पण उठून मी गेलेले नाही, आणि तोही गेलेला दिसत नाही.

बी.एड.चा फॉर्म वेळेवर भर.

नाताळला घरी ये. करंज्या मी एकटीने तळणार नाही. सकाळच्या उपासनेला यायचंच, लोक बघतील, बघू दे. पुढच्या बाकावर आपली जागा होती ती मी सोडली आहे. मी शेवटच्या बाकावर बसते, खांबाच्या मागे. शेजारी जागा ठेवते.

तुझी आत्या